ग्रीक देवींच्या कथा, वयात येणाऱ्या मुलींच्या गोष्टी म्हणून लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाताळाची राणी पर्सेफनी, शिकारीची देवी आर्टेमिस, बुद्धीची देवी अथीना यांच्या कथा घेऊन तरुण मुलींच्या वास्तववादी गोष्टी लिहू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यावर उभी आहेत. या कथांमध्ये वास्तव बाहेरून आणून घालावं लागत नाही. कोणी कोणाला विचारलं, कोणाला विचारलंच नाही, कोणी ऐकलं आणि गप्प बसलं, हे सगळं जुन्या काव्यांत लिहिलेलं आहे. ते नीट वाचणं हेच निम्मं काम.

१. वास्तववादी पुनर्कथन म्हणजे देव काढून टाकायचे का?

चमत्कार काढा, सत्ता काढू नका. देवांचा राजा झ्यूस याच्या हातातली वीज गेली तरी चालेल, पण घरात त्याचा शब्द शेवटचा असतो, हे राहिलं पाहिजे. डीमीटर या धान्यदेवीवरच्या जुन्या स्तोत्रात झ्यूस आपली आणि तिची मुलगी पर्सेफनी पाताळाचा राजा हेडीस याला देऊन टाकतो. मुलीच्या आईला विचारलेलं नाही, मुलीला तर नाहीच. अथेन्समधली वाङ्‌निश्चयाची पद्धतही अशीच होती: मुलीचा पालक आणि होणारा नवरा यांच्यात तोंडी करार व्हायचा आणि त्या वेळी मुलगी हजर असण्याची गरज नसायची. म्हणजे देवांच्या कथेत जे घडतं ते कुठल्याही अथेनियन अंगणात घडण्यासारखं आहे.

मसुदा तपासताना एवढं बघा: जादू काढल्यावर त्या पात्राची ताकदही नाहीशी झाली का? झाली असेल तर ती ताकद वास्तवात कुठून येते ते शोधा. जमीन, कायदा, नातं, पैसा, धान्याचं कोठार, कुठून तरी येतेच.

२. सुरुवात कुठल्या देवीपासून करू?

पर्सेफनीपासून. डीमीटरचं होमरिक, म्हणजे होमरच्या नावावर चालत आलेलं, स्तोत्र ४९५ ओळींचं आहे, साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं. आपल्यापर्यंत ते एकाच हस्तलिखितामुळे पोचलं. ते १७७७ मध्ये मॉस्कोत सापडलं आणि आता नेदरलँड्समधल्या लायडनला आहे. मैत्रिणी, फुलं, वडिलांचा निर्णय, आईचा शोध, नवऱ्याचं घर, परत येणं, असं वयात येण्याच्या गोष्टीला लागणारं सगळं त्यात आहे.

या स्तोत्रातल्या एका जागेकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. लेक हरवलेली डीमीटर म्हातारीच्या वेषात एल्यूसिसला विहिरीपाशी बसलेली असते, आणि राजा केलिओसच्या चार मुली कांस्याच्या घागरी घेऊन पाण्याला येतात: कॅलिडिकी, क्लेसिडिकी, डेमो आणि कॅलिथोई. त्या म्हातारीची चौकशी करतात, तिला काम देता येईल का ते विचारायला घरी जातात आणि आईचा होकार घेऊन वसंतातल्या हरिणींसारख्या, वस्त्रं वर धरून, केस उडवत पळत परत येतात. देवी नसलेल्या या चौघी सबंध स्तोत्रातल्या सगळ्यात जिवंत मुली आहेत. पर्सेफनी कशी बोलत असेल, हसत असेल, हे सुचत नसेल तर आधी या चौघींचं एक पान लिहा.

एल्यूसिस म्हणजे आजचं एलेफ्सिना, अथेन्सच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर. २०२३ मध्ये ते युरोपच्या सांस्कृतिक राजधान्यांपैकी एक होतं. प्राचीन अवशेषांच्या आसपास कारखाने आणि तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आहेत. आजच्या काळात गोष्ट घडवायची असेल तर ही जागा तयारच आहे.

३. प्रत्येक ठिकाणी कथा वेगळी सांगितलेली असते. खरी कुठली धरू?

खरी अशी एक नाही. पण एका गोष्टीसाठी एकच मुख्य आधार धरा आणि तो कोणाचा, कधीचा, हे स्वतःला माहीत असू द्या. कवी हेसिअड आणि होमरिक स्तोत्रं जुनी. अथेन्सची नाटकं इ.स.पू. पाचव्या शतकातली. कवी कॅलिमाकस इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाचा. ओव्हिड तर रोमन, लॅटिनमध्ये लिहिणारा, आणि त्याचं रूपांतरांचं महाकाव्य साधारण इ.स. ८ च्या सुमाराचं. आज लोकांना ‘ग्रीक’ म्हणून माहीत असलेल्या कितीतरी गोष्टी ओव्हिडच्या आहेत. त्या वापरायला हरकत नाही, मात्र दोन आधारांमधले सोयीचे तुकडे जोडले की मुलीच्या वागण्याची कारणं तुटतात. केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाच्या बाबतीत हे ठळक दिसतं. पाहा प्रश्न १४.

४. पर्सेफनीने डाळिंबाचे दाणे किती खाल्ले?

डीमीटरच्या स्तोत्रात एक. पाताळात काही खाल्लं की तिथे परत जावंच लागतं, त्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश भाग ती हेडीसकडे राहते, उरलेला आईकडे. ओव्हिडच्या महाकाव्यात सात दाणे आणि अर्धं-अर्धं वर्ष. त्याच ओव्हिडच्या रोमन सणांवरच्या काव्यात तीन. सहा दाण्यांचा आकडा नंतरच्या सांगणाऱ्यांमुळे रूढ झाला. कुठलाही घ्या, पण वर्षाची वाटणी त्याच आधारातली घ्या.

वास्तववादी गोष्टीत आकड्यापेक्षा नवऱ्याच्या घरी खाल्लेला पहिला घास महत्त्वाचा. चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलंय की अथेन्सचा कायदेकार सोलन याच्या कायद्याप्रमाणे नवरीने वराबरोबर खोलीत जाण्याआधी क्विन्स नावाचं तुरट फळ खायचं असे. फळ खाणं म्हणजे आता मी इथली झाले असं कबूल करणं. पर्सेफनीने तो दाणा उपाशी होती म्हणून खाल्ला, नकळत खाल्ला, की कळून? तुमची सगळी गोष्ट या उत्तरावर वळते.

५. नायिकेचं वय किती ठेवू?

प्राचीन ग्रीसमध्येच गोष्ट घडत असेल तर चौदा-पंधरा. झेनोफोन या अथेनियन लेखकाच्या एका संवादातला गृहस्थ सांगतो की त्याची बायको घरी आली तेव्हा पंधराचीही नव्हती. नवरे बहुधा तिशीचे असत. हेसिअडही पुरुषाला तिशीच्या आसपास लग्न करायला सांगतो. स्पार्टामध्ये मुलींची लग्नं थोडी उशिरा होत आणि त्या उघड्यावर धावण्याचा, कुस्तीचा सराव करत. त्यामुळे शहर आधी ठरवा, मग वय.

गोष्ट आजच्या काळात आणत असाल तर मुलीला अठराच्या पुढे न्या, किंवा ती लहान असेल तर जे घडतंय त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणारं एक तरी पात्र गोष्टीत असू द्या.

६. हेडीस तर तिचा काका! हे कसं दाखवायचं?

जसं आहे तसं. आपल्याला धक्का बसतो, अथेन्सच्या वाचकाला बसला नसता. तिथे चुलत्या-पुतणीचं लग्न कायदेशीर होतं. भाऊ नसलेल्या मुलीचे वडील वारले, तर तिच्यावर आणि तिच्याबरोबर येणाऱ्या मालमत्तेवर पहिला हक्क वडिलांच्या भावाचाच असे. स्तोत्रातही सूर्यदेव हेलिओस डीमीटरला समजावतो: जावई काही कमी प्रतीचा नाही, तुझा सख्खा भाऊच आहे, आता रडणं पुरे. घरोघरचा समजूतदार नातेवाईक असाच बोलतो. हे नातं लपवून ‘गूढ अनोळखी पुरुष’ केलात तर मुलगी घरातल्याच माणसाला दिली गेली, ही गोष्टीतली सगळ्यात कठीण गोष्ट हातातून निसटते.

७. मग हेडीस आणि पर्सेफनीची प्रेमकथा लिहूच नये का?

लिहा. जुन्या काव्यात त्यालाही धागा आहे. निरोप देताना हेडीस तिला सांगतो की मी तुला अयोग्य नवरा ठरणार नाही, इथे असशील तेव्हा सगळ्या जिवांवर तुझी सत्ता असेल, सगळ्यात मोठा मान तुला मिळेल. होमरच्या महाकाव्यांतली पर्सेफनी तर भीतिदायक राणी आहे. फुलं वेचणारी मुलगी तिथे दिसतही नाही.

पण त्या स्तोत्राच्या सुरुवातीला ती किंचाळते, आणि ज्या वडिलांनी तिला देऊन टाकलंय त्यांनाच हाक मारते. तिला ते माहीत नसतं. ही किंकाळी खोडून केलेली प्रेमकथा मला खोटी वाटते. पुढे त्या घरात तिला जीव लागला, हुकूम करायची सवय झाली, माणूसही आवडू लागला असेल, तर ते त्या किंकाळीसकट लिहा. दोन्ही खरं असणं तिच्या वयाला समजायला जड जातं, आणि तेच तिचं मोठं होणं.

८. अत्याचाराचा प्रसंग किती दाखवायचा? वाचक शाळा-कॉलेजच्या वयाचे आहेत.

प्रत्यक्ष प्रसंग न दाखवता त्याची किंमत दाखवता येते. ओव्हिडचीच युक्ती घ्या: पर्सेफनीला ओढून नेताना तिच्या ओच्यातली फुलं सांडतात आणि त्या वयात तिला त्याचंही दुःख होतं. दोन ओळी, पण मुलगी किती लहान आहे ते कळतं. अंगावर काय झालं याचं वर्णन न करता कोणी पाहिलं, कोणी ऐकलं हे लिहा. स्तोत्रात हेकटी ही देवी गुहेतून आवाज ऐकते, हेलिओस सगळं पाहतो, पण डीमीटर नऊ दिवस भटकते तोवर दोघांपैकी कोणीही काही केलेलं नसतं.

९. माझ्या मसुद्यात आईच नायिका होऊन बसते. काय करू?

मूळ काव्यातही तेच होतं. पर्सेफनी पहिल्या चाळीसेक ओळींनंतर नाहीशी होते आणि तीनशेच्याही पुढे पुन्हा दिसते. मधली जागा आईची: नऊ दिवस मशाली घेऊन भटकणं, एल्यूसिसच्या राजवाड्यात दाई म्हणून राहणं, मग जमिनीतून काही उगवूच न देणं. मधल्या काळात मुलगी काय करत होती, याबद्दल काव्य गप्प आहे. ती जागा तुमची.

माझा आग्रह एका प्रसंगावर आहे. मायलेकी भेटतात, आई मिठी मारते आणि लगेच विचारते: तिथे काही खाल्लंस का? आता पाहा. निवेदकाने आधी आपल्याला सांगितलंय की हेडीसने इकडेतिकडे बघत, गुपचूप तिला दाणा दिला. मुलगी आईला सांगते की त्याने जबरदस्तीने, माझ्या मनाविरुद्ध खायला लावला. दोन्हींत फट आहे. मुलगी खोटं बोलते असं मी म्हणत नाही. कदाचित तिचंच खरं असेल, आणि निवेदकाला ते दिसलं नसेल. कदाचित आईला सोसेल अशा शब्दांत ती सांगत असेल. पण पहिल्यांदाच तिच्याकडे आईला पूर्ण माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती कशी सांगायची हे ती स्वतः ठरवते. वयात येण्याची गोष्ट मला तरी इथे सापडते. नायिका आईकडे सरकत असेल तर लेखन या प्रसंगापासून सुरू करा आणि मागे जा.

१०. डीमीटरने दुष्काळ पाडला, हे चमत्काराशिवाय कसं लिहायचं?

तिला जमिनीवर, बियाण्यावर किंवा बायकांच्या श्रमावर खराखुरा हक्क द्या आणि तो वापरायला तिने नकार दिला असं लिहा. आधाराला थेस्मोफोरिया हा डीमीटरचा सण घ्या. तो शरदात, पेरणीच्या तोंडावर येई. अथेन्समध्ये तो तीन दिवस चाले, लग्न झालेल्या बायका घर सोडून एकत्र राहत आणि पुरुषांना तिथे प्रवेश नसे. त्या बायका चौथ्या दिवशी घरी परतल्याच नाहीत तर? सत्ता कशी राखायची ते प्रश्न १ मध्ये आहे.

११. मुलींच्या रोजच्या आयुष्याचे तपशील कुठून आणू?

लोकर विंचरणं, सूत कातणं, माग, पाणी भरणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, इथपर्यंत सगळे पोचतात. त्याच्यापुढे मुलींचे विधी बघा, तिथे खजिना आहे.

अथेन्सच्या मुली ब्राउरॉन या गावी आर्टेमिसच्या मंदिरात ‘अस्वल’ होत, म्हणजे त्या नावाने देवीची सेवा करत. तिथे सापडलेल्या लहान भांड्यांवर धावणाऱ्या मुलींची चित्रं आहेत. नाटककार ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४११ च्या एका नाटकात बायकांचा समूह आपलं बालपण मोजून दाखवतो: सातव्या वर्षी देवीची सेवा, दहाव्या वर्षी देवीसाठी दळण, मग केशरी वस्त्रातलं अस्वल, मग सुक्या अंजिरांची माळ घालून मिरवणुकीत टोपली. एका जुन्या कवितेत टिमारेटा नावाची मुलगी लग्नाआधी आपली खंजिरी, चेंडू, केसांची जाळी आणि बाहुल्या त्यांच्या कपड्यांसकट आर्टेमिसला वाहते. बाहुलीचे कपडेसुद्धा! मला तरी हा तपशील सोडवत नाही.

ऑलिंपियाला झ्यूसची बायको हेरा हिच्यासाठी मुलींच्या शर्यती होत. प्रवासवर्णनकार पॉसेनिअस सांगतो: वयाप्रमाणे गट, सगळ्यात लहान आधी, केस मोकळे, वस्त्र गुडघ्याच्या जरा वर, उजवा खांदा उघडा, आणि मैदान पुरुषांपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने कमी. जिंकणारीला ऑलिव्हचा मुकुट.

आणि फ्रासिक्लिया. १९७२ मध्ये अथेन्सजवळ मेरेंडा इथे तिचा संगमरवरी पुतळा सापडला, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्याचा. आता तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. चौथऱ्यावर तिच्याच तोंडी लेख आहे: मला कायम कुमारीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. लग्नाआधी गेलेल्या मुलीचा शोक करताना तिच्या घरच्यांच्या मनात पर्सेफनी असणारच.

१२. संवादांची मराठी कशी ठेवू? आणि पर्सेफनीला माहेरवाशीण म्हणू का?

‘हे माते’, ‘पिताश्री’ नको. ती पौराणिक नाटकाची भाषा आहे आणि त्या भाषेत पंधरा वर्षांची मुलगी श्वास घेऊ शकत नाही. आई, बाबा, तू, अगं, चालेल. बहिणी-मैत्रिणींमध्ये ‘गं’ येऊ द्या, नवख्या म्हातारीशी बोलताना केलिओसच्या मुली ‘तुम्ही’ म्हणतील. मात्र मंगळसूत्र, हळद, अक्षता हे आपले विधी तिथे नेऊ नका. त्यांच्याकडे नवरीवर सुका मेवा आणि अंजिरं उधळत, तेच लिहा. जेवणात जवाची लापशी, ऑलिव्ह, मध. मिरची, बटाटा, टोमॅटो नाही.

माहेर हा शब्द वापरायचा मोह मला समजतो. वर्षातून ठरावीक काळ आईकडे येणारी लेक मराठी वाचकाला आपोआप कळते; तीन दिवसांच्या गौरी आपण माहेरवाशीण म्हणूनच घरी आणतो. म्हणूनच तो शब्द जपून वापरा. गौरींच्या माहेरपणात कौतुक आहे. पर्सेफनीच्या येण्यामागे उपाशी पडलेलं जग आणि वडिलांनी नाइलाजाने केलेला तह आहे. शब्दाच्या ऊबेने तो तह झाकला जातो. निवेदनात टाळा, एखाद्या पात्राच्या तोंडी एकदा आला तर येऊ द्या.

१३. आर्टेमिस आणि अथीना कधी मोठ्याच होत नाहीत. त्यांची वयात येण्याची गोष्ट कशी होणार?

दोघींची उत्तरं वेगळी आहेत.

कॅलिमाकसच्या स्तोत्रात लहानगी आर्टेमिस वडिलांच्या मांडीवर बसून मागण्या करते: कायमचं कुमारीपण, भावापेक्षा कमी नाहीत इतकी नावं, धनुष्य, साठ मैत्रिणी आणि सगळ्याही नऊ-नऊ वर्षांच्या, सगळे डोंगर. मागताना तिचा हात वडिलांच्या दाढीपर्यंत पोचत नाही. झ्यूस हसतो आणि सगळं देतो. आपण लहानच राहायचं, हे तिने ठरवून टाकलंय. पण मैत्रिणी मोठ्या होतातच. ओव्हिडच्या कथेत झ्यूस आर्टेमिसचंच रूप घेऊन तिची मैत्रीण कॅलिस्टो हिला फसवतो. काही महिन्यांनंतर अंघोळीच्या वेळी तिचं पोट दिसतं आणि आर्टेमिस तिला हाकलून देते. गोष्ट आर्टेमिसच्या नजरेतून लिहा: ज्या वडिलांनी सगळं दिलं त्यांनीच मैत्रिणीचं हे केलं, आणि मी शिक्षा कोणाला केली?

अथीनाची आई मेटिस गरोदर असताना झ्यूसने तिला गिळून टाकलं, असं हेसिअड सांगतो. आणि इ.स.पू. ४५८ च्या एस्किलसच्या नाटकात अथीना भर न्यायसभेत म्हणते की मला जन्म देणारी आई नाही, लग्न सोडून सगळ्या बाबतीत मी पुरुषांच्या बाजूची आहे. घरात आईचं नावच निघत नाही अशी हुशार, वडिलांची लाडकी मुलगी अशीच बोलेल. एके दिवशी तिला कोणी तरी सांगतं की तुला आई होती. पुढचं तुम्ही लिहा.

१४. अथीनाने अत्याचार झालेल्या मेडुसालाच शिक्षा केली. मग अथीनाला नायिका कसं करू?

ही घटना ओव्हिडची आहे: समुद्रदेव पोसायडन अथीनाच्या मंदिरात मेडुसावर अत्याचार करतो आणि देवी मेडुसाच्याच केसांचे साप करते. हेसिअडची मेडुसा जन्मानेच गॉर्गन म्हणजे राक्षसी, तीन बहिणींतली एकटी मर्त्य, आणि पोसायडनशी तिचा संग वसंतातल्या फुलांच्या कुरणात होतो. तिथे मंदिर नाही, शिक्षाही नाही. तेव्हा आधार ग्रीक धरलात तर हा प्रश्न उरत नाही.

ओव्हिड धरलात तर पळवाट काढू नका. त्याने एक नेमकी हालचाल लिहिली आहे: मंदिरात ते घडत असताना देवी तोंड फिरवते आणि ढालीने डोळे झाकते. प्रश्न १३ मधली वडिलांची लाडकी मुलगी इथे आणा. तिने काय पाहायचं नाही असं ठरवलं, आणि ते तिला किती वर्षांनी कळलं, हे लिहिता आलं तर ती नायिका होईल, चांगली नसली तरी.

१५. हेरा तर कायम मत्सरी बायकोच दिसते. तिचं तरुणपण कुठे आहे?

पॉसेनिअसकडे. तो सांगतो की स्टिंफॅलसला हेराची तीन देवळं होती: बालिका हेरा, पूर्ण झालेली म्हणजे विवाहित हेरा, आणि विधवा हेरा. शेवटचं नाव झ्यूसशी भांडून ती परत आली तेव्हाचं. नॉप्लियाजवळ कॅनॅथॉस झऱ्यात न्हाऊन ती दर वर्षी पुन्हा कुमारी होते, अशीही कथा तो देतो. लग्नानंतर दर वर्षी पुन्हा स्वतःची होऊ पाहणारी बाई, एवढं कादंबरीला पुरतं.

१६. कॉपीराइटचं काय?

प्राचीन काव्यं सगळ्यांची. आधुनिक भाषांतरं आणि आधुनिक कादंबऱ्यांतल्या कल्पित घटना, संवाद, पात्रं त्या-त्या लेखकांची. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. होमरिक स्तोत्रांचं ह्यू एव्हलिन-व्हाइट यांचं १९१४ चं इंग्रजी भाषांतर मुक्त आहे. ते १९२४ मध्ये वारले.

१७. जिची कथाच नाही अशा देवीवर लिहिता येईल का? मला हेस्टिया आवडते.

येईल. चुलीची देवी हेस्टिया हिची कथा प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीच्या स्तोत्रात दहा-बारा ओळींची आहे. झ्यूसचा बाप क्रोनस याची ती पहिली मुलगी. बापाने तिला सगळ्यात आधी गिळलं आणि सगळ्यात शेवटी बाहेर काढलं, म्हणून ती थोरलीही आणि धाकटीही. पोसायडन आणि अपोलो दोघे तिला मागणी घालतात. ती ठाम नकार देते, झ्यूसच्या डोक्याला हात लावून कायम कुमारी राहण्याची शपथ घेते, आणि लग्नाऐवजी घराच्या मधोमध चुलीपाशी तिला जागा मिळते. झ्यूस इथे तिचा भाऊ आहे आणि घराचा कर्ताही तोच. दोन बड्या घरांची स्थळं आलेली, कोणाला तरी हो म्हणायलाच हवं असा सगळ्यांचा दबाव, आणि नकाराची किंमत म्हणून आयुष्यभर भावाच्या घरातली चूल. तिला हे मिळालं की तिच्यावर पडलं, याबद्दल काव्य मानाच्या बाजूने बोलतं. तुम्ही तिला स्वतःला बोलू द्या, आणि सुरुवात दुसरं स्थळ आलं त्या दिवसापासून करा. पहिल्याला नाही म्हणणं तिला सोपं गेलं असणार.